न मागितलेली तपासणी

गेल्या वर्षी आमच्या वडील भगिनींचा मोतीबिंदू काढविण्यासाठी त्यांना येथील, म्हणजे छत्रपती संभाजीनगरातील, एका खासगी रुग्णालयात नेण्याचा प्रसंग आला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिच्याविषयी आमची लवमात्र तक्रार नाही. परंतु बिल हाती आले तेव्हा शस्त्रक्रियेच्या आकाराखाली रक्ताच्या नऊ तपासण्या, हृदयाचा आलेख आणि छातीचे क्ष-किरणचित्र यांचे पैसे निराळे मांडलेले दिसले. "हे करा म्हणून कोणी सांगितले होते?" असे आम्ही विचारले. पैसे घेणारा तरुण नम्रपणे म्हणाला, "सर, हे सगळ्यांचंच करतात."

आम्ही चिडूनच घरी आलो. पुढे राग ओसरल्यावर ध्यानात आले की आमचा प्रश्नच चुकला होता. तपासणी मागतो कोण? वाण्याकडे तूरडाळ मागावी तसे रक्तातील क्षारांचे प्रमाण कोणी मागत नाही. वैद्याकडे मनुष्य दुखणे घेऊन जातो. काय करावे हे त्याला ठाऊक नसते म्हणूनच तो जातो. तेव्हा 'आम्ही मागितले नव्हते' एवढ्याच आधारावर पैसे नाकारणे आम्हांला तरी प्रामाणिकपणाचे वाटेना.

१८७२ च्या करारविषयक कायद्याचे ७० वे कलम याच अडचणीशी झगडते. फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने दुसऱ्यासाठी काही रीतसर केले व दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यावी अथवा वस्तू परत करावी. उदाहरण व्यापाऱ्याचे दिले आहे: चुकून दुसऱ्याच्या घरी राहिलेला माल घरधन्याने आपलाच म्हणून वापरला, तर त्याचे मोल त्याने द्यावे. पण घरधन्याला तो माल न वापरता परत करण्याची मोकळीक असते. काढलेले रक्त परत घेता येत नाही, आणि 'सर्व ठीक आहे' हे कळल्यावर ते न कळल्यासारखे करता येत नाही.

बरे, हे कळणे हा तरी लाभ आहे काय? उत्तर अमेरिकेत सुमारे १९,००० मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निम्म्या रोग्यांच्या ठराविक तपासण्या केल्या, निम्म्यांच्या केल्या नाहीत. उपद्रवांचे प्रमाण दोहोंकडे सारखेच निघाले. अंगी काही नवे दुखणे दिसत असेल त्याची गोष्ट अर्थात निराळी. मग डॉक्टर त्या करतात का? लोभ हे सोपे उत्तर आहे. पण ते सर्वांना लावणे अन्यायाचे होईल. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून न केलेल्या तपासणीचा जाब विचारला जाण्याची भीती डॉक्टरास वाटते. अधिक केलेल्या तपासणीचा जाब क्वचितच कोणी विचारतो. रोग्याच्या रक्षणार्थ आलेल्या कायद्याचा खर्च असा रोग्याच्याच बिलात येऊन बसतो.

२००८ साली त्याच न्यायालयापुढे एका स्त्रीचे प्रकरण आले होते. निदानापुरती संमती दिली असता, ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडकोश काढण्यात आले. न्यायालयाने शस्त्रक्रियेची फी नाकारली आणि २५,००० रुपये भरपाई देवविली. तो उपचार शास्त्रदृष्ट्या चुकीचा होता असे नव्हे. जिवावरचा प्रसंग नसता, जिचे शरीर तिला विचारले गेले नव्हते. न मागणे आणि न विचारले जाणे यांतला भेद आम्हांला तेथे सापडला.

आमच्या बिलात एचआयव्हीचीही तपासणी होती. २०१७ च्या कायद्याप्रमाणे ती समजावून दिल्यावर मिळालेल्या संमतीवाचून करता येत नाही. भगिनींनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि आवाज खाली आणून विचारले, "हे माझं का केलं रे?" त्या तीस वर्षे वैधव्यात आहेत. आम्हांस उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. व्यवस्थापकांनी फार वाद न घालता तीन रकमा खोडल्या व पैसे परत केले. आम्ही विजयी मुद्रेने ते भगिनींपुढे ठेवले. त्यांनी नोटा मोजल्याही नाहीत. "अरे, विचारलं असतं तर मी काही नको म्हटलं नसतं," एवढेच त्या म्हणाल्या. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया अजून व्हावयाची आहे.