रुग्णाचा हक्क आणि आपला निवाडा

मे २०१६ मध्ये पाकिस्तानातील पेशावर शहरात अलीशा नावाच्या तृतीयपंथी कार्यकर्तीवर गोळ्या झाडण्यात आल्या. इस्पितळात तिला पुरुषांच्या कक्षात ठेवावे की स्त्रियांच्या, यातच मोलाचा वेळ गेला, असे तिच्या सहकाऱ्यांनी सांगितले. काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. जिथे दिवसातून पाच वेळा अजान होते, तिथे हे घडावे, ही अंतर्मुख करणारी बाब आहे.

इस्लामी धर्मशास्त्राला हा पेच नवा नाही. ज्याच्या देहात स्त्री व पुरुष दोन्हींची लक्षणे असतात, त्याला फिकहमध्ये ‘खुन्सा’ म्हणतात. ‘हिदाया’ या ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. निर्णय होत नसेल, तर अशा व्यक्तीने नमाजमध्ये पुरुष व स्त्रियांच्या रांगांच्या मध्ये उभे राहावे, तिच्या मृत्यूनंतर गुस्लऐवजी तयम्मुम करावा, असे हनफी फकीहांनी ठरविले. वारशातील वाटाही ठरविला. शंका होती, पण शंकेपोटी कोणाला रांगेबाहेर काढले नाही. मृतदेहाची इतकी काळजी वाहणाऱ्या परंपरेत तळमळणाऱ्या जिवाला जागा नसावी काय?

काहीजण म्हणतील, आजचे सारेच तृतीयपंथी ‘खुन्सा’ नव्हेत आणि अनेकांचे वर्तन शरीअतला मान्य नाही. हा भेद खरा आहे. त्याचा विचार उलेमा करतील. परंतु उपचार हे सदाचरणाचे बक्षीस नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) आजारी यहुदी मुलाच्या भेटीस गेले होते. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्यास अल्लाहने क्षमा केल्याचे त्यांनी सांगितले. एक जीव वाचविण्याचे जे मोल कुरआनने सांगितले (अल-माइदा : ३२), त्याला अशी कोणतीही अट नाही. आणि कोणाची टवाळी करण्यास व वाईट नावे ठेवण्यास सूरह अल-हुजुरातमध्ये (आयत ११) स्पष्ट मनाई आहे.

भारतात २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथीयांना आरोग्यसेवा नाकारण्यास बंदी केली. तथापि, कायद्याने नजर बदलत नाही. दवाखान्यात शेजारी बसलेला माणूस उठून जातो, मागे कुजबुज होते. ती टाळण्यासाठी आजारी जीव दुखणे अंगावर काढतो. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते आपल्याच घरांत आहेत, आणि ते उठून जाणारेही आपल्यातलेच असतात.

आजाऱ्याची विचारपूस न करणाऱ्यास कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः जाब विचारील, असे हदीसमध्ये आले आहे. तो कोणत्या रांगेतला हे ठरत नव्हते, अशी सबब तेव्हा पुढे करता येईल काय?