प्रतिजैविके आणि परिचारिकेचा धर्म

प्रतिजैविकाच्या प्रत्येक मात्रेत दोघांचे हित गुंतलेले असते: समोर खाटेवर असलेल्या रुग्णाचे आणि अजून आजारीही न पडलेल्या कुणाचे. जंतू औषधाला दाद देईनासे झाले की त्याची झळ त्या दुसऱ्याला बसते. अपुऱ्या मात्रेने जंतू असे निर्ढावतात, हा धोका पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता. मग न पाहिलेल्या माणसाचे ऋण परिचारिकेवर असते का? निश्चितच असते.

ते फेडायचे कसे, याचा धागा जुन्या ग्रंथातही सापडतो. चरकसंहिता वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद मानते. परिचारकाकडून उपचारांचे ज्ञान, दाक्ष्य, अनुराग आणि शौच मागते. आज दाक्ष्याला फार ठोस अर्थ आहे. पेनिसिलिनपूर्वी ॲलर्जीची विचारपूस. व्हॅन्कोमायसिन शिरेतून किमान तासभर सावकाश, कारण घाई केल्यास अंग लाल होते, खाज सुटते, रक्तदाबही उतरू शकतो. जेंटामायसिन चालू असताना लघवीवर आणि ऐकण्यावर लक्ष, कारण ते मूत्रपिंड व कान दोन्हींना इजा करू शकते. शौच म्हणजे आधी हात धुणे. टळलेल्या संसर्गाला औषधच लागत नाही. अनुराग असेल तर रुग्णाची ‘खाज येतेय’ ही तक्रार किरकोळ वाटत नाही. आणि मात्रा चुकली असेल, तर ती लपवू नये. डॉक्टरांना तत्काळ कळवावे.