उपकाराची बाकी

आमच्या बँकेत दोन खिडक्या आहेत. एकीवर लोक पैसे भरायला येतात आणि दुसरीवर मागायला. भरायला येणारा माणूस काउंटरवर कोपर टेकून उभा राहतो, घाम पुसतो आणि "पंखा जरा वाढवा हो," असे फर्मावतो. मागायला येणारा दारातूनच हात जोडत येतो. तो आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतो, मग मुलांच्या परीक्षेची आणि सर्वांत शेवटी आपल्या अर्जाची. अठरा वर्षांच्या कारकुनीत मी एवढे शिकलो की, येणारा इसम कोणत्या खिडकीचा हे मला पायरीवरच ओळखू येते.

एकच प्राणी असा आहे की, त्याची खिडकी मला अजून ठरवता आलेली नाही. दर पाच वर्षांनी तो आमच्या जवाहरनगरात येतो. हात जोडतो, म्हणजे मागायला आलेला. पण बोलतो मात्र केलेल्या कामांविषयी, म्हणजे भरलेल्या पैशांविषयी. एकूण आविर्भाव असा की, "मी आजवर एवढे भरले आहे, आता तुम्ही काढून द्या!" हा प्राणी म्हणजे दोन-तीन वेळा निवडून आलेला, चांगला मुरलेला आणि या खेपेला निवडणूक जड जात असलेला खासदार.

त्याला पाहिले की माझ्या मनात एक प्रश्न उभा राहतो. मत ही मागच्या कामाची मजुरी की पुढच्या कामाची उचल? मजुरी असेल तर ती बुडवणे पाप. उचल असेल तर ती कोणाला द्यायची हे देणाऱ्याच्या मर्जीवर. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध बी.कॉम.च्या ऑडिटिंगच्या पेपरात आला तेवढाच, त्यामुळे उत्तर यायला वीस वर्षे लागली, हे वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न पहिल्यांदा पडला तो २००४ साली. जवाहरनगर म्हणजे नागपूर-भंडारा हमरस्त्यालगतची ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत. माझे वडील त्या फॅक्टरीत होते. मी नुकताच बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो आणि लोकसभेला पहिल्यांदाच मत देणार होतो. उभे होते प्रफुल्ल पटेल. १९९१, १९९६ आणि १९९८ अशा तीन निवडणुका त्यांनी काँग्रेसतर्फे भंडाऱ्यातून जिंकलेल्या. आता ते राष्ट्रवादी काँग्रेसचे, निशाणी घड्याळ. समोर भाजपचे शिशुपाल पटले, निशाणी कमळ. जन्मभर पाळीवर गेलेल्या माणसाने घड्याळाविरुद्ध जावे कसे? आणि तलावांच्या जिल्ह्यात कमळाला नाही म्हणावे कसे? मोठा पेच होता.

बाबांना पेचबीच काही नव्हता.

"जुना माणूस आहे," ते म्हणाले. "जुन्या बैलाले कोणी बाजार दाखवते काय?"

खासदाराला बैल म्हटले म्हणून कोणी रागावू नये. आमचे आजोबा धानाचे शेतकरी. त्या घराण्यात याहून मोठा किताब नाही. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या पाया पडतात. खासदाराच्या पाया पडणारे पुष्कळ असतात, पण ते पोळ्याची वाट पाहत नाहीत.

"बाबा, बैल विकायचा कोण म्हणते?" मी नव्या पदवीच्या जोरावर म्हणालो. "जुन्या बैलाला चारा घालावा, पाणी दाखवावे, अंगावरून हात फिरवावा. पण जू कोणाच्या खांद्यावर द्यायचे हा हिशेब वेगळा."

बाबांनी माझ्याकडे असे पाहिले की, माझा स्वतःचा चारा त्या दिवशी बंद होतो की काय, असे मला वाटले.

निकाल लागला. पटेल पडले. (मराठीत उमेदवार हरत नाही, पडतो. जणू लोकांनी त्याला कडेवर घेतले होते आणि कोणाचा तरी हात सैल झाला!) अंतर होते सुमारे तीन हजार मतांचे. अख्ख्या मतदारसंघात तीन हजार म्हणजे चिल्लर. पण पुढे महिनाभर बाबा माझ्याकडे त्या तीन हजारांतला एक असल्यासारखे पाहत होते. मी कोणाला मत दिले हे मी त्यांना सांगितले नाही. आजही सांगत नाही. सौभाग्यवतीलाही सांगितलेले नाही, आणि तिला न सांगितलेली माझ्या आयुष्यातली ही एकमेव गोष्ट आहे.

गंमत पुढेच आहे. पटेल तेव्हा राज्यसभेचे सदस्य होतेच. दिल्लीत सरकार बदलले आणि ते नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री झाले. बाबा पेपर घडी करत म्हणाले, "पाह्य! आपन पाडलं, तं इमानात जाऊन बसला!"

२००९ साली याच भंडारा-गोंदियाने त्यांना नाना पटोले यांच्यापेक्षा अडीच लाखांवर मते जास्त देऊन लोकसभेत पाठवले. २०१४ साली त्याच पटोल्यांनी त्यांना जवळजवळ दीड लाखांनी पाडले. मत म्हणजे उपकाराची परतफेड असेल, तर पाच वर्षांत अडीच लाख जमेवरून दीड लाख उण्यावर आलेले हे खाते मला तरी कोणत्या लेजरात बसवता येईना. असले चढउतार बचत खात्यात होत नाहीत, शेअर बाजारात होतात.

बरे, ही खोड फक्त भंडाऱ्याची म्हणावी, तर वर्धा जिल्हाही आमचाच भाऊ. वसंतराव साठे नभोवाणीमंत्री असताना रंगीत दूरचित्रवाणीसाठी हट्ट धरून बसले होते, आणि १९८२ साली ती देशात आली. वर्ध्याने त्यांना १९८०, १९८४ आणि १९८९ असे तीनदा निवडून दिले. १९९१ साली मात्र मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांनी त्यांना हरवले. ज्यांच्या घरी तोवर रंगीत संच आला होता, त्यांनी ही बातमी रंगीत पाहिली असेल. संच पाहताना साठ्यांचे आभार मानणारे असतीलच, पण आभार मानणे वेगळे आणि शिक्का मारणे वेगळे, असे वर्धेकरांनी ठरवलेले दिसते.

इथवर सगळे हसण्यावारी नेता येते. पण बाबांनी एकदा मला असे गाठले की हसू आटले.

"भंडाऱ्यात बाबासाहेब पडले होते. मालूम आहे ना तुले? ते बरोबर झालं काय?"

मालूम होते. १९५४ ची पोटनिवडणूक. तेव्हा भंडारा हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. तिथे काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब हरले. त्याआधी १९५२ साली मुंबईतही काँग्रेसच्याच नारायण काजरोळकरांपुढे त्यांचा पराभव झाला होता. मत म्हणजे मजुरी हा हिशेब खरा असता, तर ज्याच्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढ माणसाच्या हाती ते मत ठेवले, त्याच्याहून जुने आणि मोठे येणे दुसऱ्या कोणाचे होते?

बाबांना मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ चे, घटना समितीतले बाबासाहेबांचे भाषण वाचनात आले. त्यात त्यांनी नेमका हाच विषय काढला आहे. देशासाठी जन्म वेचलेल्या थोर माणसांविषयी कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण कृतज्ञतेला मर्यादा असते, असे ते सांगतात. आयर्लंडच्या डॅनियल ओकॉनेलचा दाखला देऊन ते बजावतात की, माणसाने अब्रू देऊन कृतज्ञ राहू नये आणि राष्ट्राने स्वातंत्र्य देऊन राहू नये. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीच्या वाटेने जाते, हा इशाराही तिथलाच.

पाच वर्षांनी हाच माणूस आमच्या जिल्ह्यात मत मागायला उभा राहिला आणि हरला. मतदारांनी ते भाषण वाचून मत दिले असे मुळीच नाही. आणि त्यांनी शहाणपणा केला असेही मला म्हणवत नाही. मला वाटते ते एवढेच की, आपल्याला नाकारण्याचा, प्रसंगी चूक करण्याचा हक्कही त्यांनीच आमच्या पदरात टाकला होता, आणि देताना स्वतःपुरता अपवाद ठेवला नव्हता. राहिली कृतज्ञता. ती त्या मतपेटीत मावली नाही खरी. पण १४ एप्रिलला या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जाऊन पाहावे. तिने आपली जागा शोधली आहे.

हे सगळे इतरांच्या निवडणुकांविषयी असल्याने बोलायला सोपे होते. पाळी माझ्यावर आली ती आमच्या कर्मचारी पतसंस्थेच्या निवडणुकीत.

संस्थेच्या अध्यक्षांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. अठरा वर्षे त्यांचे पॅनेल निवडून येत होते. बाबांचे नागपूरला ऑपरेशन झाले त्या रात्री भाऊ दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसून होते. रक्तासाठी माझ्याआधी ते स्कूटर काढून निघाले आणि तीन ठिकाणी फिरले. पहाटे कुठून तरी चहा पैदा केला आणि मी नको म्हणत असताना दोन बिस्किटे बुडवून माझ्या हातात दिली. सख्खे नातेवाईक सकाळी दहाच्या गाडीने आले.

आणि त्याच भाऊंच्या संस्थेत कर्जाचा अर्ज दोन-दोन महिने पडून राही. हिशेब हातानेच लिहीत. कॉम्प्युटर घेतला होता, पण धूळ बसू नये म्हणून त्याला अभ्रा घातलेला असे. एका शिपायाच्या मुलीची कॉलेजची फी भरायची तारीख अशीच टळली. तो शिपाई भाऊंना काही बोलला नाही. त्याच्यावरही भाऊंचे उपकार होतेच.

त्या वर्षी तरुण पोरांनी दुसरे पॅनेल उभे केले. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिक्का हातात धरून उभा राहिलो आणि मला त्या चहाची चव आठवली. बाहेर रांगेतून कोणीतरी ओरडले, "साहेब, लोन सँक्शन करून राहिले काय आत?"

त्याने थट्टा केली, पण माझी वाट मोकळी झाली. व्यापाऱ्याची कॅश क्रेडिटची मर्यादा दरवर्षी नव्याने मंजूर करावी लागते. तेव्हा आम्ही त्याचे जुने खाते चाळतो, ते गेल्या वर्षीच्या व्याजाबद्दल त्याचे आभार मानायला नव्हे. येत्या वर्षी तो पैसे नीट वापरील की नाही, याचा अंदाज त्यावरून येतो म्हणून. मागचे काम हा पुरावा आहे, बिल नव्हे. शिवाय मर्यादेतले पैसे माझ्या खिशातले नसतात. त्या मतावर माझ्याइतकाच त्या शिपायाच्या मुलीचा हक्क होता. माझे खासगी देणे मी तिच्या पैशाने कसे फेडणार?

तो पुठ्ठ्याचा आडोसा कशासाठी असतो हे मला तेव्हा कळले. मालकाने, सावकाराने किंवा गुंडाने पाहू नये म्हणून तो आहेच. पण त्यांच्यापेक्षाही ज्याने आपले खरोखर भले केले आहे, त्याची नजर चुकवणे कठीण. मुख्य आडोसा त्याच्यासाठी असतो.

मी दुसऱ्या पॅनेलवर शिक्का मारला. भाऊ नऊ मतांनी पडले.

चार दिवसांनी ते बाजारात भेटले. हातात भाजीची पिशवी. मी वांग्यांच्या ढिगाआड दडायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. "काय म्हणतात बाबांचे गुडघे? थंडी सुरू झाली, तेल लावत जा रोज." एवढे बोलून ते मेथी निवडू लागले. मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. पुढच्या वाण्याने मोड कमी दिली, तेही मला घरी गेल्यावर कळले.

त्या रात्री मी बाबांना सगळे सांगितले. मत कोणाला दिले तेसुद्धा. बाबा बराच वेळ गुडघे चोळत राहिले. मग म्हणाले, "जू काढलं ना त्याच्या खांद्यावरचं? मंग आता चारा कोन घालीन? का तो भाग पदवीत नव्हता?"

वीस वर्षांपूर्वीचे माझेच वाक्य त्यांनी व्याजासकट परत केले. खरे तर मी त्यातले अर्धेच वापरले होते. जू देणे आणि चारा घालणे हे हिशेब वेगळे, असे म्हणायचे आणि दुसरा हिशेब उघडायचाच नाही, ही आम्हा सुशिक्षितांची जुनी अफरातफर आहे. मत हे कर्जफेडीचे नाणे नव्हे, हे मी आजही म्हणतो. पण त्याने कर्ज फिटले असे होत नाही. ते माझ्या नावावर तसेच उभे राहते. मतदाराचे नव्हे, माझे.

तेव्हापासून मी दर रविवारी भाऊंकडे जातो. त्यांच्या पेन्शनचे कागद नीट लावून देतो, वीजबिल भरून देतो, जुन्या मॅनेजरांच्या नकला ऐकतो. मी कोणाला मत दिले हे त्यांनी कधी विचारले नाही. सांगून टाकावे असे मला दर रविवारी वाटते, आणि दर रविवारी वहिनी चिवडा आणतात.

परवा गेलो तर ओसरीवरच्या बाकावर संस्थेचे आणखी तिघे सभासद आधीच येऊन बसले होते. एकाने भाऊंसाठी औषध आणले होते, दुसऱ्याने पपई. मीही सरकून बसलो. भाऊ चहा सांगायला आत गेले, आणि ते परत येईपर्यंत आम्ही चौघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही.