नाव ठेवण्याआधी

फासे थोडे बाजूला सारा. कॅरेक्टर शीटवरचे आकडे, म्हणजे स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, विस्डम वगैरे, नंतर भरू. सगळ्यात वरची ओळ रिकामी आहे. तिथे पात्राचं नाव लिहायचं आहे, आणि आज तेवढंच काम आहे. मंडळी जमायला अवकाश आहे. पाठ टेकून बसा. श्वास येतोय-जातोय, त्याला त्याच्या चालीने चालू द्या.

टेबलाभोवती बसून खेळायच्या या रोल-प्लेइंग खेळाची सुरुवात 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून झाली. आता पुण्यातही शनिवार-रविवारी कुणाच्या तरी घरी चारपाच जण जमतात आणि रात्री उशिरापर्यंत कॅम्पेन रंगतं. समजा, यावेळी डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, नकाशावर एक बंदर काढलंय. किल्ला आहे, जहाजं आहेत, चर्चचा मनोरा आहे. तो म्हणतो, “इथली नावं जुन्या पोर्तुगीज धाटणीची ठेवा.” फोनवर यादी उघडली की दोन मिनिटांत काम उरकतं. आपण ते उरकायचं नाही. आपण त्या नावापाशी बसायचं.

एक नाव घेऊ आणि ते सावकाश, मोठ्याने म्हणू. दोम मिगेल दे नोरोन्हा. पुन्हा म्हणा. जीभ कुठे अडते ते बघा. ‘नोरोन्हा’पाशी आवाज नाकात जातो ना? जाऊ द्या.

हा माणूस काल्पनिक नाही. तो पेशव्यांच्या फौजेतला अधिकारी. नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ जे सिटी चर्च आहे, त्याच्या जन्माशी हे नाव जोडलेलं आहे. फौजेतल्या पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती शिपायांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती. 1792 मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी ती दिली. आता थोडं मागे जा. चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली ती 1739 मध्ये. मधे 53 वर्षं. ज्यांच्याशी पणजोबांची पिढी लढली, त्यांच्याच धाटणीचं नाव असलेला माणूस पणतूच्या काळात पुण्यात चाकरीला आहे, आणि त्याच्या देवासाठी पेशवे जमीन देतात. यावर लगेच मत बनवू नका. ही गोष्ट नुसती समोर असू द्या.

आता त्याच नावाचा दुसरा माणूस आठवू. लिन्हारेसचा काउंट, 1629 ते 1635 या काळात गोव्याचा व्हाइसरॉय. त्याचंही नाव दोम मिगेल दे नोरोन्हा. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा लांबलचक दगडी पूल त्याच्याच काळातला. अजूनही त्यावरून गाड्या धावतात. एकाने राज्य चालवलं, दुसऱ्याने दुसऱ्याच्या राज्यात तलवार चालवली. नाव मात्र अक्षर न् अक्षर तेच. दोघांना मनात शेजारीशेजारी उभं करा. नावावरून माणूस ओळखला असं वाटायला लागलं, की या दोघांकडे एकदा बघून घ्यायचं.

नाव उलगडून पाहू. ‘दोम’ ही मानाची पदवी. ती पहिल्या नावाच्या आधी लागते, आडनावाला कधी चिकटत नाही. ती मिळावी लागते, म्हणून बंदरावरच्या हमालाला किंवा दारूवाल्याला ती लावू नका. ‘मिगेल’ हा देवदूत. ‘नोरोन्हा’ मूळचं उत्तर स्पेनमधल्या नोरेन्या गावाचं. चौदाव्या शतकात तिथल्या काउंटची सोयरीक पोर्तुगालच्या राजघराण्याशी जुळली, त्यांची मुलं नोरोन्हा झाली, आणि तिथून हे नाव लिस्बन, गोवा करत नाना पेठेपर्यंत पोचलं. त्या नावातलं एक अक्षरही त्या अधिकाऱ्याने स्वतः निवडलेलं नव्हतं. इथे थोडं थांबू.

अशा जुन्या ख्रिस्ती घरांत नाव बऱ्याचदा कॅलेंडर ठरवायचं. ज्या संताच्या सणाला मूल जन्मलं, त्याचं नाव. 20 जानेवारीला सेबास्तियांव, 24 जूनला जुआंव, 7 ऑगस्टला कायेतान, 3 डिसेंबरला शाव्हियेर. मुलींना मरियामातेची बिरुदं मिळत. 15 ऑगस्टची असुंसांव, 8 डिसेंबरची कोन्सेसांव. पुण्याचं सिटी चर्च ज्या निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाने आहे, तोच हा 8 डिसेंबरचा सण.

आणि 5 ऑगस्टची नेवेस. हिच्यापाशी जरा रेंगाळा. नेवेस म्हणजे हिम. गोव्यात साष्टीतल्या राय गावचं चर्चही याच हिमाच्या माउलीचं. डोळ्यांसमोर आणा: श्रावणाच्या आगेमागे दिवस, नळ्यांच्या कौलांवरून पाण्याच्या धारा लागल्यात, अंगणात शेवाळ धरलंय, आणि आत पाळण्यातल्या पोरीचं नाव बर्फावरून पडलेलं. तिने जन्मात बर्फ पाहिला नसेल. तरी मरेपर्यंत त्याच नावाला ती ‘ओ’ देणार.

आता आडनाव. काही आडनावं बापाच्या नावातून आली: फर्नांदोचा फर्नांदिस, रॉद्रिगोचा रॉड्रिग्ज, नूनोचा नूनिस. काही झाडांची आहेत: परेरा नासपतीचं झाड, ऑलिव्हेरा ऑलिव्हचं, कार्व्हालो ओकचं. काही भक्तीची: दा क्रूझ, दोस सांतोस. जुन्या पोर्तुगालात बायकांच्या नावामागे घराण्याऐवजी नुसतं ‘दे जेझुस’ किंवा ‘दा कोन्सेसांव’ लावायची रीत होती. आणि दोन आडनावं असली तर आधी आईच्या घराचं, शेवटी बापाच्या. आपल्याकडे मधल्या जागी बाप किंवा नवरा बसतो. तिथे आईच्या माहेराला जागा आहे. पात्राच्या आईचं माहेर कुठलं असेल? उत्तर शोधायला धावू नका, आपसूक येईल.

पण गोव्यात आणि वसईत हीच आडनावं आणखी एका वाटेने आली, आणि ती वाट सोपी नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव नव्या ख्रिस्ती घराला मिळे. एका दिवशी, एका पाण्याने, एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली घरं एकाच आडनावाची होत. कुणी मनापासून गेलं, कुणी जमीन वाचवायला, कुणी भीतीने. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, इन्क्विझिशन होतं. कित्येक घरांनी आपलं जुनं प्रभू, कामत, पै हे आडनाव पिढ्यान् पिढ्या मनात जपून ठेवलं. खेळात ही नावं छान वाजतात, म्हणून आपण घेतो. घ्यायला हरकत नाही. फक्त घेताना त्यांचं वजन एकदा हातात जाणवू द्या.

आणि तेवढ्यावरच थांबू नका, कारण माणसं दिलेल्या नावाखाली दबून राहिली नाहीत. 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आडनाव मूळचं ‘दे ब्रितो’. दोन शब्द एक झाले, मराठी वळणाचे झाले आणि मराठीच्या सर्वांत मोठ्या मांडवात मानाच्या खुर्चीवर बसले. गोव्यात सेबास्तियांवचा बोस्त्यांव झाला, तोही असाच, रोजच्या हाकांनी घासून घासून.

आपल्या बारशाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नाव आईबापांनी ठरवलेलं असलं, तरी बाळाच्या कानात ते आत्या सांगते. बाळाला कुणी विचारत नाही. बाप्तिस्म्यातही नाव पुकारतात ते दुसऱ्याच्याच तोंडून. आता कॅरेक्टर शीटकडे पाहा. वंश, पेशा, हत्यार, भूतकाळ, सगळं आपणच आपल्या आवडीने ठरवतो. मग नाव तरी दुसऱ्या कुणाला ठेवू द्या.

कसं ते सांगतो. बारा पैलूंच्या फाशाने महिना काढा, तारखेसाठी हवा तो फासा घ्या, आणि त्या दिवशीचा संत शोधा. पहिलं नाव त्याचं. डाव्या हाताला बसलेल्या खेळाडूला सांगा, “माझ्या आईचं आडनाव तू दे.” शेवटचं आडनाव डीएमकडून मागा, आणि ते या घराला कुणामुळे मिळालं तेही त्यालाच ठरवू द्या: आजोबांमुळे, पाद्रीमुळे, की कुणा जहाजमालकामुळे. तुमच्याकडे एकच गोष्ट ठेवा, घरात मारायची हाक. समजा, एर्मेनेजिल्दो असं नाव निघालं, तर त्याला आई काय म्हणते, हे तुम्ही सांगायचं.

नाव हातात आलं की पुन्हा थोडा वेळ गप्प बसा. ते पूर्ण म्हणा, मग नुसती हाक म्हणा. दोन्हींत किती अंतर आहे? मग पात्राला विचारा, हे नाव तुला आवडतं का? “नाही” असं उत्तर आलं तर ते पुसून दुसरं घेऊ नका. ते का आवडत नाही, कुणासमोर पात्र ते पूर्ण सांगतं, कुणापासून लपवतं आणि कुठे मुद्दाम अर्धंच सांगतं, हे आता तुम्हाला ठरवावं लागेल. आवडीच्या नावाने हे प्रश्न सहसा पडत नाहीत, आणि खेळायला जे लागतं ते या उत्तरांतच असतं.