ओलं सरपण आणि जुनी जीप

तापलेली जुनी जीप घाटात बंद पडते आणि अर्ध्या तासानं पुन्हा सुरू होते. तेवढ्या वेळात चालकानं जे केलं, तेच औषध ठरतं. 1941 ते 1945 दरम्यान बनलेल्या विलीज एमबीचं उदाहरण घ्या. तिच्या वंशातल्या जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडल्या. टाकी चालकाच्या सीटखाली, पेट्रोल ओढणारा पंप इंजिनावर, आणि कार्टरचा कार्बोरेटर एक्झॉस्टला लगटून. ओढीमुळे नळीतला दाब कमी होतो, त्यात उष्णता, म्हणून पेट्रोलची वाफ होते. द्रवासाठी बनलेल्या पंपाला वाफ ढकलता येत नाही. चालक सीट उचलून टाकीचं झाकण उघडतो, नळीवर ओलं फडकं ठेवतो, गाडी सुरू होते, आणि वाफेचं निदान सिद्ध झालं असं तो मानतो. ते सिद्ध झालेलं नाही. इग्निशन कॉइलही तापल्यावर दगा देते आणि निवल्यावर सुधारते. ‘तापल्यावर बंद, निवल्यावर सुरू’ हे लक्षण दोन्हीकडे राहतं. न्यायशास्त्रात असा हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, सव्यभिचार: जे सिद्ध करायचं त्या साध्याशी एकनिष्ठ नसलेला.

नैयायिकांचं नेहमीचं उदाहरणही इंधनाचंच आहे, हा योगायोग मला आवडतो. धूर तिथे अग्नी हे खरं. पण अग्नी तिथे धूर हे खरं नाही, कारण तापलेल्या लोखंडात अग्नी असून धूर नसतो. मध्ये ओल्या सरपणाची अट लपलेली असते. ही अट म्हणजे उपाधी. झाकण उघडलं आणि गाडी सुरू झाली, यातली उपाधी म्हणजे गेलेला वेळ: इंजिन तोवर निवलं होतं. आपल्याकडे याला कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतात.

यावर वजनदार आक्षेप न्यायपरंपरेतूनच येतो. न्यायभाष्यकार वात्स्यायनाच्या मते प्रवृत्ती, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती, सफल झाली की ज्ञान खरं ठरतं. मग गाडी चालली, आणखी काय हवं? पण पाणी समजून गेलेल्याची तहान भागते ती पाण्यानंच. इथे यश दोन वेगळ्या कारणांनी सारखंच मिळू शकतं, म्हणून ते कोणत्याच बाजूनं साक्ष देत नाही. साक्ष हवी असेल तर व्यतिरेक, म्हणजे कारण नसताना कार्यही नसतं का, हे पाहावं लागतं. गाडी बंद पडताक्षणी, निवू न देता, एअर क्लीनरची नळी काढून थ्रॉटल हातानं ओढायचा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची धार आली, तर फ्लोट चेंबर रिकामा नाही. वाफेनं पुरवठा तुटल्याचा दावा तिथेच लंगडा पडतो. अर्थात जेट तुंबलेला असण्याची शक्यता राहते, पण तुंबलेला जेट इंजिन निवल्यानं मोकळा होत नाही.

चार्वाक विचारेल: न दिसलेली उपाधी नेहमीच संभवते, मग अनुमान कधीच का मानायचं? दहाव्या शतकातल्या नैयायिक उदयनाचं उत्तर असं, की शंका आपल्याच वागण्याच्या विरोधात जाते तिथे थांबते. धुरासाठी विस्तव पेटवणाऱ्यानं त्या संबंधावर शंका घेऊ नये. वेदान्ती श्रीहर्षानं ‘खंडनखंडखाद्या’त हे उत्तर उदयनावरच उलटवलं, आणि निव्वळ तर्कात श्रीहर्ष मला वरचढ वाटतो. तरी नाव असलेली शंका आणि बिननावी शंका यांत फरक राहतोच. ‘काहीतरी असेल’ हिची परीक्षा होत नाही. ‘कॉइल असेल’ हिची होते: पेट्रोलच्या नळीला हात न लावता, इंजिन तापलेलं असतानाच दुसरी कॉइल जोडायची. गाडी तरीही सुरू झाली नाही, तर कॉइल यादीतून गेली. इग्निशनचा कंडेन्सर अजून यादीत आहे.