देवाच्या दारातला बाजार

तीर्थक्षेत्री भरणारा बाजार हा धर्माचाच भाग की धर्मात घुसलेला उपरा, हा वाद जुना आहे. जेरुसलेमच्या मंदिरात येशूने सराफांचे चौरंग उलथवले आणि कबुतरे विकणाऱ्यांना हाकलून दिले, अशी बायबलमधली कथा आहे. चंद्रपूरच्या महाकाली यात्रेत असा राग कोणाला येत नाही. चैत्रात देवीकडे जाणारी वाट दुकानांच्या मधूनच जाते.

महाकालीचे देऊळ गोंड राणी हिराईने बांधल्याचे मानले जाते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, पती बीरशहाच्या मृत्यूनंतर, चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, कारभार तिच्या हाती होता. चैत्र पौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या या यात्रेला विदर्भापेक्षा मराठवाड्याची, विशेषतः नांदेड-परभणीकडची माणसे जास्त दिसतात. झरपट नदीत अंघोळ, मग दर्शन, असा क्रम. पण दर्शनाआधीच खरेदी सुरू होते, कारण रिकाम्या हाताने देवीपुढे उभे राहायचे नसते. हळद-कुंकवाच्या राशी, हिरवा चुडा, खण-नारळ, परडी, कवड्यांची माळ: दुकानदार कागदावर कुंकू तोलतो, पुडी बांधतो. त्यातले चिमूटभर देवीच्या पायावर जाते, उरलेले गावी. तेच कुंकू मग यात्रेला येऊ न शकलेल्या सासूच्या, जावेच्या, शेजारणीच्या कपाळी लागते. दुकानात ते विकाऊ जिन्नस होते, देवीला लागून आल्यावर प्रसाद झाले आणि त्याचे मोल करणे संपले. पूजेला लागणारी वस्तूच दुकानातून येत असेल, तर बाजार पूजेच्या बाहेर कसा ठेवणार? बाजाराला नावे ठेवणारे शुद्धतावादी या प्रश्नाला सहसा बगल देतात.

जपानमध्ये हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर हाच पेच जास्त ठळक दिसतो. इथे नुसते देऊळच नव्हे, सारे बेटच पूर्वापार पवित्र मानलेले आहे. इत्सुकुशिमा देवस्थानाची लाल कमान समुद्रात उभी आहे. बेट विटाळू नये म्हणून तिथे बाळंतपण आणि मरण दोन्ही वर्ज्य होते. आजही बेटावर दफनभूमी नाही. असे असूनही देवस्थानाकडे जाणारा ओमोतेसान्दो हा रस्ता दुकानांनी गजबजलेला असतो. तिथली खास वस्तू म्हणजे भात वाढायचा लाकडी पळा. बेटावरच्या लोकांना रोजगार मिळावा म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस सेइशिन नावाच्या भिक्षूने तो घडवायला शिकवला, असे सांगतात. त्याला स्वप्नात बेन्झाइतेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानला पोहोचलेली आपली सरस्वती, वीणेसारखे वाद्य घेऊन दिसली आणि पळ्याला त्या वाद्याचा आकार आला. जन्म-मृत्यूचा विटाळ मानणाऱ्या बेटाने विक्रीचा विटाळ मात्र मानला नाही. उलट विकायचा माल भिक्षूनेच दिला.

भारतीय धर्मशास्त्राचा संशय बाजाराच्या जागेवर नाही, पोट भरण्याच्या रीतीवर आहे. मनुस्मृती श्राद्धाच्या पंगतीतून ज्या ब्राह्मणांना वगळते त्यांत दुकानदारीवर जगणारा येतो आणि देवलकही येतो. देवलक म्हणजे देवपूजा हाच ज्याचा धंदा झाला तो. पुजारी आणि दुकानदार एकाच यादीत बसवणारा हा नियम गाभाऱ्यात फारसा ऐकवला जात नाही, हे ओघाने आलेच. तुकडोजी महाराजांनाही ग्रामगीतेत यात्रा-मेळ्यांसाठी वेगळा अध्याय लिहावासा वाटला.

महाकालीच्याच शहरात बाजाराच्या या प्रश्नाला आणखी एक उत्तर मिळाले आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. दरवर्षी त्या सुमारास दीक्षाभूमीवर लोक जमतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना ओटी-नारळाशी कर्तव्य नाही, प्रसादही नाही. बाजार मात्र आहे. निळे झेंडे, पंचशील ध्वज, बुद्धमूर्ती आणि मुख्य म्हणजे पुस्तके. कर्मकांड गेले तरी दुकाने राहिली, आणि त्यांतला माल बदलला. घरी नेलेले पुस्तक गावात हातोहाती फिरते, तेव्हा यात्रेतल्या कुंकवाच्या पुडीचेच काम ते वेगळ्या मार्गाने करते.

बौद्ध विचारात हा प्रश्न नेमका मालापाशी येतो. सम्यक आजीविकेत, म्हणजे योग्य मार्गाने पोट भरण्याच्या शिकवणीत, व्यापाराला मनाई नाही. शस्त्रे, जीव, मांस, मद्य आणि विष या पाचांच्या व्यापाराला आहे. विकणे दोषाचे नाही, काय विकता ते पाहा, अशी ही भूमिका. मद्याच्या बाबतीत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत तिचा कस लागतो. गडचिरोली जिल्ह्यात दारूमुक्ती आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली. घर मोडते ते दारूने, हा गावोगावच्या बायकांचा अनुभव तिच्यामागे होता. पण गोंड-माडियांच्या पूजेत मोहाची दारू पेनाला, म्हणजे देवाला, वाहिली जाते. पूर्वजांच्या नावानेही तिचे चार थेंब जमिनीवर सांडतात. एकाच द्रवाला देवापुढे नैवेद्याचा मान आणि गुत्त्यात विषाचे नाव.

इथे धर्म आणि बाजार यांच्यातली रेघ महाकालीच्या वाटेपेक्षा वेगळ्या जागी पडते. कुंकू विकत आणले तरी त्याचा प्रसाद होतो. पूजेची दारू मात्र गावातच, गावच्या मोहाची गाळलेली असते, आणि हाच फरक आदिवासी गावांतले जाणते पुढे करतात: देवाची ती वेगळी, धंद्याची वेगळी. कायद्याला हा भेद धरता येत नाही, कारण भांड्यातल्या दारूवर हेतू लिहिलेला नसतो. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली, गडचिरोलीची कायम राहिली. मोहाच्या दारूचे पूजेतले स्थान या दोन्ही निर्णयांच्या आधीपासूनचे आहे.