फळातील कर्त्याचा वाटा

कृतीनंतर फळ मिळाले की ते कृतीमुळेच मिळाले असे मानण्याकडे बुद्धीचा ओढा असतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र प्रत्येक कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: कर्म जेथे घडते ते अधिष्ठान, ते करणारा कर्ता, त्याची साधने म्हणजे करणे, निरनिराळ्या हालचाली म्हणजे चेष्टा, आणि कर्त्याच्या आवाक्याबाहेरचे पाचवे कारण म्हणजे दैव. या पाचांचा विचार न करता जो केवळ स्वतःला कर्ता समजतो, त्याची बुद्धी तेथे सदोष ठरवली आहे. हा उपदेश बहुधा अहंकार गाळण्याचा, म्हणजे नीतीचा, म्हणून वाचला जातो. परंतु जे कळले ते खरे कशावरून, हा ज्ञानमीमांसेचा प्रश्नही त्यात दडलेला आहे, आणि तो सौर पॅनेलला जोडलेल्या एका निर्जीव यंत्रणेत विशेष स्पष्टपणे दिसतो.

सौर पॅनेलपासून मिळणारी विद्युतशक्ती हा व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार असतो. पॅनेलची टोके मोकळी ठेवली तर व्होल्टेज सर्वाधिक असते पण प्रवाह वाहत नाही, आणि ती एकमेकांना थेट जोडली तर प्रवाह सर्वाधिक असतो पण व्होल्टेज उरत नाही. म्हणून दोन्ही टोकांना शक्ती शून्यच राहते. या दोहोंच्या मध्ये, सिलिकॉनच्या पॅनेलमध्ये मोकळ्या टोकांच्या व्होल्टेजच्या साधारण 70 ते 80 टक्क्यांवर, शक्ती सर्वाधिक होते. त्या स्थितीला महत्तम शक्तिबिंदू म्हणतात. हा बिंदू स्थिर नसतो, कारण प्रवाह प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो आणि पॅनेल तापले की व्होल्टेज उतरते. पॅनेलवर छापलेली क्षमता दर चौरस मीटरला 1000 वॅट प्रकाश आणि 25 अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून ठरवलेली असते. छपरावरचे ऊन तो संकेत पाळत नाही.

त्यामुळे इन्व्हर्टरमध्ये हा बिंदू सतत शोधत राहणारी व्यवस्था असते, जिला व्यवहारात एमपीपीटी म्हणतात. तिची सर्वांत प्रचलित पद्धत साधी आहे: व्होल्टेज किंचित ढळवावे, शक्ती वाढली तर त्याच दिशेने पुढे जावे, घटली तर उलट फिरावे. प्रकाश स्थिर असेल तर ही पद्धत बिंदूपाशी पोचते आणि त्याच्या अवतीभवती हेलकावत राहते. परंतु ढग सरून ऊन झपाट्याने वाढू लागले, तर चुकीच्या दिशेने टाकलेल्या पावलानंतरही शक्ती वाढलेली दिसते. यंत्रणा ती वाढ आपल्या पावलाच्या खाती जमा करते आणि बिंदूपासून आणखी दूर जाते. दैवाने दिलेले चेष्टेचे फळ मानले गेले, एवढीच ही चूक आहे.

नैयायिकांनी या चुकीचे नेमके विश्लेषण केले आहे. त्यांच्या मते कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध नसलेले तेच कारण होय. अन्यथासिद्ध म्हणजे कार्यापूर्वी हजर असूनही ज्याच्याविना कार्याची उपपत्ती लागते ते. विश्वनाथ पंचाननांच्या सतराव्या शतकातील 'भाषापरिच्छेदा'त याचे प्रकार सांगताना कुंभाराच्या गाढवाचे उदाहरण येते: एखाद्या घड्याची माती गाढवाने आणली असेलही, पण घडा गाढवाविनाही होतो, म्हणून गाढव हे घड्याचे कारण नव्हे. वाढत्या उन्हातील ते चुकीचे पाऊल असेच आधी घडलेले, पण वाढीशी कारणाच्या नात्याने न जोडलेले असते.

यावर आक्षेप असा घेता येईल, की यंत्राला अहंकार नसतो, तेव्हा गीतेतील कर्तृत्वाच्या भ्रमाशी त्याची तुलना व्यर्थ आहे. खरे तर तुलनेचे मोल याच भेदात आहे. अभिमानाचा लवलेश नसलेले यंत्रही तीच चूक करत असेल, तर ती चूक मुळात अभिमानाची नसून अनुमानाची आहे, आणि अभिमान तिच्यावर नंतर चढलेला थर आहे. म्हणून केवळ नम्र होऊन ती सुटत नाही. फळाचे सारे श्रेय ईश्वराला अर्पण करणाऱ्यालाही कोणते पाऊल योग्य होते हे त्या अर्पणातून कळत नाही.

त्यावरचा उपाय अभियंत्यांनी अन्वय-व्यतिरेकाच्या, म्हणजे कारण असता कार्य असते आणि नसता नसते हे पडताळण्याच्या, मार्गानेच काढला आहे. सुधारित पद्धतीत दोन मोजमापांच्या मध्ये व्होल्टेज न ढळवता आणखी एक मोजमाप घेतात. त्या अवधीत शक्तीत झालेला बदल निव्वळ उन्हाचा असतो, आणि तो वजा केल्यावर उरतो तो पावलाचा वाटा. येथे न करणे हे करण्याचे मोजमाप ठरते, पण त्याची जागा घेत नाही, कारण व्होल्टेज कधीच ढळवले नाही तर सरकलेला बिंदू कधीच सापडणार नाही. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त गीतेचे तात्पर्य कर्मसंन्यासात नसून कर्मयोगात असल्याचे प्रतिपादन केले. त्या प्रतिपादनाला येथून एक पुस्ती जोडता येते. पाच कारणांचा विवेक हा कर्मानंतर मनाला शांत करण्याचा उपाय आहेच, पण त्याआधी तो पुढचे कर्म कोणत्या दिशेने करावे हे ठरवण्याची अट आहे. ज्याला दैवाचा वाटा वेगळा काढता येत नाही, त्याला स्वतःच्या कर्मापासून काही शिकताही येत नाही.